धुरपाचा कोपरा

आंबेघळ गावाबाहेर एक काळा, सपाट खडक आहे. त्याच्या अंगावर पांढऱ्या रेघा तुटक तुटक, ओळीने धावतात. कुणी दगडच धावदोऱ्याने शिवून काढला असावा, असं वाटतं. एका कोपऱ्यात मात्र एकही रेघ नाही. दर थंडीत गावच्या बायका याच खडकावर बसून, घरटी एक तुकडा जोडून, गावची एक गोधडी शिवतात.

शर्वरी दूरच्या शहरात कापडकाम शिकली, तेव्हा हाच खडक तिच्या डोळ्यांपुढे असायचा. तिला वाटायचं, गोधडी पसरली की बायकांमध्ये थोरली-धाकटी कुणी उरत नाही. घरोघरचं कापड शेजारी शेजारी बसतं आणि एकाच दोऱ्याने बांधलं जातं. हे जगाला दाखवायचं, म्हणून ती गावी परतली आणि प्रदर्शन भरवणारे काही पाहुणेही घेऊन आली.

बायका खडकावर कोंडाळं करून बसल्या होत्या. "तुझा टाका आहे का बैलाची उडी?" असं एकीने दुसरीला चिडवलं आणि सगळ्या हसल्या. पण शर्वरीची सिंधूआत्या त्यांच्यात नव्हती. ती खडकाखाली, लिंबाच्या झाडापाशी एकटीच सुया ओवत होती. ओवलेल्या सुया एका चिंधीत टोचून ती खडकाच्या कडेला ठेवायची, मग एखादी बाई येऊन चिंधी उचलायची. लग्नाआधी आत्याची जागा गोधडीच्या ऐन मधोमध असे. शर्वरी शिकायला गेली आणि मागोमाग आत्याच्या नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं, ते कायमचं.

"ती खाली का बसली आहे?" एका पाहुणीने विचारलं.

"ती धुरपाची जागा," अनसाकाकू म्हणाल्या. गावात वयाने त्याच मोठ्या. सुई कापडात खोचून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

फार वर्षांमागे, म्हणे, गावावर असं हिव पडलं की पोरं गारठून मरू लागली. देवीने कौल दिला, घरटी एक तुकडा घेऊन एकच मोठी गोधडी शिवा आणि सगळी लेकरं तिच्याखाली निजवा. बायका या खडकावर जमल्या. धुरपाही आली. तिचा नवरा परागंदा झाला होता आणि लेकरू त्याच थंडीत गेलं होतं. त्याचं अंगडं ती घेऊन आली. बायका म्हणाल्या, गेलेल्या लेकराचं कापड जित्या लेकरांच्या अंगावर नको. धुरपाने पुष्कळ विनवलं. शेवटी त्यांनी तिला कोपऱ्यात बसवलं आणि सुया ओवायला दिल्या. बोटं आखडली तरी तिने सुई अडू दिली नाही. गोधडी पुरी होताच बायका ती घेऊन लगबगीने घरी गेल्या. धुरपाला हाक मारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गावची लेकरं वाचली, असं सांगतात. सकाळी बायका खडकावर आल्या, तर धुरपा कोपऱ्यात तशीच बसलेली, हातात ओवलेली सुई, मांडीवर अंगडं, आणि अंग थंडगार. सबंध खडकावर पांढरे टाके उमटले होते. ती बसली होती तेवढा कोपरा कोरा होता.

"तेव्हापासून आम्ही गोधडीचा एक कोपरा तुकडा न लावता उघडा ठेवतो," अनसाकाकू म्हणाल्या. "धुरपाच्या नावाने. खडकावरच्या तिच्या कोपऱ्यात कुणी बसत नाही. आणि जिचं घर मोडलं, तिला खाली बसून सुया ओवायचा मान."

"मान?" शर्वरीने विचारलं. "मग आत्याचं कापड का नाही घेत?"

"अगं, तिचं कसं घेतील?" काकूंना प्रश्नच कळला नाही. "लेकराबाळांनी पांघरायची आहे ना ती."

पाहुण्यांनी उघड्या कोपऱ्याचे फोटो काढले. कुणाचे तरी डोळेही भरून आले. लिंबाखाली कुणी गेलं नाही.

संध्याकाळी शर्वरीने आत्यापाशी एक तुकडा मागितला. आत्याने पेटीतून निळ्या लुगड्याचा पदर काढला, मांडीवर सारखा केला आणि पुन्हा घडी घातली.

"मी चोरून लावते," शर्वरी म्हणाली.

"लावशील. पण कळलं की ती गोधडी कुणी अंगावर घेणार नाही. मग तुझ्या प्रदर्शनात भिंतीला टांग. भिंतीला कुठं थंडी वाजते." आत्याने पेटी लावली. "धुरपा मेली म्हणून तिला कोपरा मिळाला, बाई. मी अजून जिवंत आहे."

गोधडीच्या मधोमध शर्वरीचा पिवळा तुकडा होता. शिकून आलेली लेक म्हणून बायकांनी तो हौसेने तिथे लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जमल्यावर शर्वरी खडकावर गेली, कात्री घेतली आणि आपल्या तुकड्याचे टाके एकेक करून उसवले.

"अगं, ऐन मध्यावर भगदाड पडलं की," काकू म्हणाल्या.

"आत्याचं कापड घ्याल त्या दिवशी माझंही लावा. तोवर माझी जागा खाली."

ती लिंबाखाली जाऊन बसली. आत्याने मान वर केली नाही. "आता तुझ्याशीही कुणी बोलायचं नाही," एवढंच ती म्हणाली, आणि थोडी सरकून तिने सावलीत जागा केली.

आजही आंबेघळच्या गोधडीचा एक कोपरा उघडा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धुरपाची गोष्ट सांगतात. त्या वर्षीची गोधडी मात्र मधोमध उघडी राहिली आहे. तिच्याबद्दल विचारलं, तर काकू खाली बघून टाका घालू लागतात.