गेनबाकडची खर्चाची वही

बोरखळी नावाच्या गावात गेनबा नावाचा गडी होता. अख्ख्या गावाला पुरून उरेल एवढा भोळेपणा त्या एकट्याकडे होता. अक्षर मात्र मोत्यासारखं. म्हणून नाना हुलावळे सरपंचपदाला उभे राहिले, तेव्हा निवडणूक खर्चाची वही त्यांनी गेनबाच्या हाती दिली.

नाना याआधी दोनदा पडले होते. यंदा पडलो तर गावाला तोंड दाखवणार नाही, असं ते बायकोसमोर बोलून बसले होते. गेनबाचाही जीव त्यात अडकला होता. नाना सरपंच झाले की ग्रामपंचायतीत शिपायाची नोकरी, खाकी कपड्यांसकट, असा त्याला शब्द होता.

"गेनबा," नाना म्हणाले, "पन्नास हजाराची मर्यादा हाय. रोजचा खर्च रोज लिवायचा. दिसंल ते लिव्ह."

"लिवतो, नाना."

दुसऱ्याच दिवशी दुपारी नानांच्या मळ्यात दोन बोकड पडले. गेनबाने दिसेल ते लिहिलं. 'बोकड दोन. जेवणारे एकशे चार. पैकी तात्या काळोख्यांच्या पंगतीवरून उठून आलेले चाळीस. चौथ्यांदा रस्सा मागणारे एक, गुरुजी.' तात्या काळोखे म्हणजे नानांच्या विरोधात उभे राहिलेले.

नानांनी ते पान टराटरा फाडलं. "आरं, असलं लिवत्यात व्हय? कुणी इचारलं तर सांगायचं, जावळ हाय."

"बरं, नाना. पुढल्या येळेला तसंच सांगतो."

पुढची वेळ लगेच आली. चौकात नानांची सभा होती. अगदी रीतसर, परवानगी काढून. खर्च तपासणारे साहेब कॅमेरावाल्याला घेऊन हजर झाले.

"काय चाललंय इथं?"

"जावळ हाय, सायेब," गेनबा म्हणाला.

"कुणाचं?"

गेनबाने व्यासपीठाकडे बोट केलं. नाना टोपी काढून मायबाप मतदारांना नमस्कार करत होते. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"त्यांचं. झालंसुदिक."

साहेबांनी परवानगीचा कागद मागितला. तो सापडेपर्यंत तासभर सभा थांबली आणि माणसं उठून तात्यांच्या सभेला गेली. तिथे भेळ होती.

"दगडा," नाना ओरडले, "ते काय चोरीचं काम व्हतं? असं लपवायचं न्हाई! कर्ण्यावरनं गावभर सांगायचं!"

"बरं, नाना. पुढल्या येळेला तसंच सांगतो."

दोन दिवसांनी नानांनी त्याच्याकडे पाकिटांची पिशवी दिली. घरोघर पोचव म्हणाले. गेनबाने रिक्षावर कर्णा बांधला.

"नानांकडनं रखमाबाई शेवाळे यांना पाचशे हो! नानांकडनं धोंडीबा मोहिते यांना हजार हो!"

रिक्षा वेशीपर्यंत पोचायच्या आत रखमाबाई नानांच्या दारात उभी. "धोंड्याला हजार आन् मला पाचशे? माझं मत काय अर्धं हाय?"

तिच्यामागे निम्मं गाव होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना हजार करावे लागले. साहेब त्या दिवशी शेजारच्या गावी गेले होते, म्हणून नाना थोडक्यात वाचले.

मतदानाच्या आदल्या दिवशी नानांनी वही उघडली. पाकिटं खोडली. कर्णे, मांडव, बिल्ले, झेंडे ठेवले. बेरीज आली अठ्ठेचाळीस हजार आठशे.

"आता बाराशेच उरलं. त्याच्यावर एक पैसा जरी माझ्या नावावर चढला, तर निवडून येऊनबी घरी बसावं लागंल. वरचा खर्च दुसऱ्याच्या नावावर टाक."

"कुणाच्या, नाना?"

"कुणाच्याबी टाक! पर मला इचारू नगं!" नानांनी अक्षरशः हात जोडले.

आता बोरखळीचा एक रिवाज सांगायला हवा. तिथे मटण दोन्हीकडचं खातात आणि पाकिटंही दोन्हीकडची घेतात. मग मत द्यायचं कुणाला? ज्याच्या जीपमधून मतदानाला गेलो, त्याला. लांबच्या वस्त्यांवरून माणसं जीपनेच येतात. नियमात ते बसत नाही, म्हणून वहीत त्याला प्रचाराचं वाहन म्हणतात. म्हाताऱ्या तर जीपमध्ये पाय ठेवण्याआधी विचारून घेतात, कुणाची रं?

मतदानाच्या दिवशी नानांनी भाड्याने घेतलेल्या जीपमध्ये गेनबा वही घेऊन ड्रायव्हरशेजारी बसला. एका खेपेला चारशे रुपये. पहिल्या तीन खेपांना त्याने खणखणीत सांगितलं, "नानांची!" पन्नास हजार पुरे झाले. त्याने खाली ठळक रेघ ओढली.

चौथ्या खेपेला रखमाबाई चढली. "कुणाची रं जीप?"

गेनबाने वहीत पाहिलं. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. "तात्यांची."

"आरं, मघाशी तर नानांची व्हती."

"नानांची मर्यादा सपली, मावशी. आता तात्यांच्या नावावर चाललीया."

रखमाबाईने मान डोलावली. अशा सहा खेपा झाल्या. चौपन्न माणसं.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि नाना एक्केचाळीस मतांनी पडले. घरी येऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली. संध्याकाळी गेनबाने दार वाजवलं. नानांनी उघडलं तर त्याच्या काखेत वही होती आणि तोंडभर हसू होतं.

"नाना, बरोब्बर पन्नास हजार! एक पैसा वर न्हाई!"

"आन् जीप? नऊ खेपा झाल्या म्हनं," नाना क्षीण आवाजात म्हणाले.

"वरच्या सहा तात्यांच्या नावावर टाकल्या. मतांसकट."

नानांनी उंबऱ्यावरच बसकण मारली.

"आत्ताच बिल द्यायला गेलतो. तात्या लई भला माणूस. चोवीसशे जाग्यावर मोजले आन् माझं माप घ्यायला शिंपी बोलावला." गेनबाने वही नानांच्या मांडीवर ठेवली. "खाकी कपडंबी त्यांच्याच नावावर टाकलं, नाना. तुमच्या वहीत आता जागाच न्हवती."