राजाला काकण भरणारा कासार

एका राज्यात भानजी नावाचा कासार होता. उंबऱ्यापाशी बसावं, बाईचा हात हातात घ्यावा आणि आधी विचारावं, "बोल गं बाई, कसं काय चाललंय?" बाई बोलू लागली की हात आपोआप सैल पडे आणि काकण सुळकन मनगटावर उतरे. सुनेने सासूचं सांगावं, सासूने सुनेचं. भानजीने या घरचं त्या घरी कधी नेलं नाही. सारं नगर त्याला मामा म्हणे.

तिथला राजा अभयसेन. नाव अभय, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आई गेल्यापासून त्याची झोप उडाली होती. सारं जग आपल्या वाईटावर आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याच्या मांत्रिकाने हिरव्या काचेची काकणं घडवली. ती ज्या हातात जात, त्या घरातला शब्द न् शब्द राजाच्या उशाशी ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळात ऐकू येई.

राजाने भानजीला बोलावलं. "ही काकणं तीन घरी भर. कुंभाराच्या, नावाड्याच्या, आणि तिसरं घर मागाहून सांगू."

"महाराज, त्या बायका मला मामा म्हणतात."

"म्हणूनच तुला बोलावलं. तुझा जावई आमच्या गडावर पहारेकरी आहे ना? सुखरूप आहे. सुखरूपच राहावा."

भानजीची लेक गोजरी पहिलटकरीण, माहेरी आलेली, सातवा महिना लागलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! भानजीने मान खाली घालून काकणं उचलली.

कुंभारणीने हात पुढे केला आणि म्हणाली, "मामा, राजा स्वतः झोपत नाही आणि आम्हालाही झोपू देत नाही." दुसऱ्या दिवशी शिपाई कुंभाराला घेऊन गेले. नावाडीण हसत म्हणाली, "पलीकडच्या राज्यातच जाऊन राहावं म्हणते, मामा." नाव काठालाच बांधलेली राहिली आणि नावाडी गडावर कोंडला गेला.

मामाच्या काकणामागोमाग शिपाई येतात, हे साऱ्यांनी ओळखलं. मग नगर गप्प झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. भानजी दारात आला की बायका हात पुढे करत, पण ओठ मिटून. हात लाकडासारखे ताठ. काकणामागून काकण वाढू लागलं. सवाष्णीचं काकण फुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. घरोघरी सवाष्णी, आणि त्या दोन हिरव्या काकणांखेरीज साऱ्यांचे हात भुंडे.

गोजरीच्या ओटीभरणाचा दिवस आला. भानजीने पेटीतली साधी काकणं काढली आणि लेकीचा हात हातात घेतला. तोही ताठ.

"बोल ना गं, बाय."

"काय बोलू, अप्पा? आणि कुणाकुणाला ऐकू जाईल?"

काकण वाढलं. तिच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. भानजी ओसरीवर जाऊन खांबाला धरून रडला. पोटच्या पोरीला बाप परका झाला, याहून मोठी शिक्षा राजालाही देता आली नसती.

अंगणातल्या कडुनिंबावर एक साळुंकी राहत असे. पूर्वी ती राजवाड्यात होती. ती म्हणाली, "चोरून ऐकणाऱ्याने तेच काकण घालून आपलं मन उघड केलं, तर काचेची जादू जाईल. पण राजाला 'कसं काय' असं विचारतो कोण?"

भानजी उठला आणि राजवाड्यात गेला. घंगाळ मुकं झालं होतं आणि त्या शांततेने राजा अधिकच भ्याला होता.

"नगर का बोलत नाही?" राजा ओरडला. "तिसरं घर तूच निवड. पण बोलणारं निवड!"

"निवडलं, महाराज. हेच." भानजी राजाच्या पायाशी बसला, उरलेलं हिरवं काकण काढलं आणि त्याने हात पुढे केला.

"उडवा याची मान!" मांत्रिक गरजला.

भानजीला जावई डोळ्यांपुढे दिसत होता, पण त्याने हात मागे घेतला नाही. राजा त्या हाताकडे बघत राहिला. आई गेल्यापासून त्याचा हात कुणी हातात घेतला नव्हता. त्याने हळूच आपला हात दिला. थंडगार, ताठ.

"बोला, महाराज. कसं काय चाललंय?"

"भीती वाटते," राजा म्हणाला. "डोळे मिटले की सगळे मला सोडून जातील, असं वाटतं."

हात सैल पडला. काकण मनगटावर उतरलं, राजाला रडू फुटलं आणि ते रडणं कुंभारणीच्या काकणातून तिच्या चुलीपाशी ऐकू आलं. तिचे शब्द घंगाळात उमटले, "अगं बाई, हा तर लेकरासारखा रडतोय! रडू दे. पण माझ्या धन्याला कधी सोडतोय?"

घंगाळाला तडा गेला. काचेचा हिरवा रंग उडून गेला. राजाने तिथल्या तिथे गडाची दारं उघडवली, मांत्रिकाला वेशीबाहेर घालवलं आणि मग भानजीच्या खांद्यावर डोकं टेकून तो गाढ झोपला.

कुंभार परतला, नावाडी परतला. पण कुंभारीण आता हात देण्याआधी विचारू लागली, "मामा, काच कुठली?" भानजी काकण उन्हात धरून दाखवी. तिने विचारलं म्हणून त्याला राग येत नसे.

जावई घरी आला. मग गोजरीने आपणहून बापापुढे हात धरला.

"अप्पा, मला तुमचा राग आलाय. फार राग आलाय."

"बोल, बाय."

"यांच्यासाठी केलंत म्हणता. यांना विचारलंत? मला विचारलंत? आम्ही नको म्हटलं असतं!"

ती बोलत गेली, रडत गेली, पुन्हा बोलत गेली. भानजी ऐकत एकेक काकण चढवत गेला. एकही वाढलं नाही.

गोजरीचा राग जसा बापापुढे मोकळा झाला, तसा तुमचा-आमचाही आपल्या माणसांपुढे होवो.