पंतोजींचे पेव

दूरच्या एका मुलखात, घाटाच्या तोंडाशी एक लहानसे गाव होते. घाट चढणाऱ्या व्यापारी तांड्यांवर ते जगे, शेती नावापुरती. गावात लोहार, तेली, कुंभार असे सगळे होते आणि काळजी करायला एक पंतोजी होते. जुन्या बखरी वाचून पंतोजींना कळले होते, की राज्ये मोडतात, रस्ते ओस पडतात आणि असे दिवस आले की लवकर सरत नाहीत.

"तांडे थांबले तर खायचं काय?" ते पारावर विचारत.

"पंतोजी, आधी तुमची शाळा थांबेल, मग पोरं तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचतील," लोहार म्हणे आणि सगळा पार हसे.

मग पंतोजींनी विचारणे सोडले. परगावची माणसे बोलावून त्यांनी आपल्या गोठ्यात पेव खणून घेतले. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार: तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढे, पोट मात्र खोल आणि ऐसपैस. कोणी विचारले तर विहीर खणतोय म्हणून सांगितले.

"गोठ्यात विहीर? म्हशीला न्हाणीघर बांधताय वाटतं!" शेजारची तेलीण म्हणाली.

गाव दुपारच्या डुलक्या घेत असे, तेव्हा पंतोजी पाठीवरून ज्वारी आणत आणि वरून ओतत. पेव अर्धेअधिक भरले. त्यावर दगड, दगडावर माती, मातीवर म्हैस.

आणि खरोखरच तसे दिवस आले. राजधानी मोडली. मिठाचे तांडे थांबले, मग लोखंडाचे. नाण्यांना कोणी विचारीना. पोरे नाण्यांनीच ठिकरी खेळू लागली. माणसे सकाळी कंदमुळे शोधायला रानात जात, ती दिवस कलल्यावर परतत.

पंतोजी आणि त्यांची बायको घरातल्या कणगीतल्या धान्यावर गुपचूप दिवस काढत होती. संशय नको म्हणून पंतोजी पोट आत ओढून चालत. ते पाहून तेलीण रोज आपल्यातली अर्धी भाकरी आणून देई. नको म्हणावे तर गुपित फुटेल, घ्यावी तर घशाखाली उतरेना. शेवटी ते डोळे मिटून खात.

कणगी संपली तसा नवराबायकोने मिळून दगड सरकवला. पंतोजींनी आधी दोरीने दिवा आत सोडला. तो लगेच विझला. कोंडलेल्या हवेत माणूसही असाच विझतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पेवाचे तोंड उघडेच ठेवले. तिसऱ्या दिवशी दिवा तेवत राहिला. पंतोजींनी धोतर खोचले.

"अहो, उतराल खरं," बायको म्हणाली, "पण वर कोण ओढणार?"

"तू."

"मी? कळशी ओढताना माझा खांदा निखळतो!"

पंतोजींनी दोरीकडे पाहिले, मग बायकोच्या खांद्याकडे. भरायचा सगळा विचार केला होता, उपसायचा राहूनच गेला होता. शिवाय उघडलेले पेव थांबत नाही. हवा लागली की धान्याला कीड धरते, सगळे काढून वाळवावेच लागते. गावाला बोलावले तर दोन महिन्यांत ज्वारी फस्त. न बोलावले तर भरल्या पेवावर दोघांनी उपाशी मरायचे. आणि लोकांना तोंड कसे दाखवायचे?

"विचार करा, पण जरा लवकर," बायको म्हणाली. "मला भूक लागली आहे."

पंतोजी पारावर गेले. "माझ्या गोठ्यात पेव आहे," ते म्हणाले. "भरलेलं."

 तेलीण पुढे आली. "आणि माझी भाकरी गिळत होतात? तुम्हाला उचकी कशी लागली नाही?"

"रोज लागायची," पंतोजी खाली मान घालून म्हणाले.

आधी तेलीणच फिस्सकन हसली, मग सगळे.

पेवाच्या तोंडात लोहाराचे रुंद खांदे अडकले. अंगाने बारीक आणि पेवाची रीत ठाऊक असलेले एकटे पंतोजीच. ज्यांना फसवले त्यांच्याच हाती दोर देऊन उतरायचे होते.

"दोर सोडू का, पंतोजी?" वरून लोहार ओरडला.

"आधी टोपली तर भरू दे!"

ज्वारीत गुडघ्यापर्यंत रुतून त्यांनी वर पाहिले. वाटोळ्या तोंडातून सारे गाव डोकावत होते. "डावीकडून काढा!" "टोपली तिरकी धरा!"

"अरे, उजेड तरी येऊ द्या!" पंतोजी ओरडले, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच पोट सैल सोडून हसले. दोर घट्ट होता.

पोटात भाकरी पडल्यावर रानात भटकायचे कारण उरले नाही. दोन महिन्यांत सगळ्यांनी मिळून शेतीच्या पाण्यासाठी ओढ्याला बांध घातला.

"पण बियाणं?" पंतोजी घाबरले. "पेवातली ज्वारी उगवत नाही!"

"आमच्या आढ्याला कणसं टांगली आहेत," तेलीण म्हणाली. "लपवायला काय तुम्हालाच येतं?" तेव्हा लोहारानेही खाकरून भात्यामागचे मिठाचे मडके बाहेर काढले.

वाईट दिवस फार लांबले, पण गाव टिकले. पुढे घरोघरी पेवे झाली. आजही त्या गावात सोयरीक जुळवताना वधूपिता म्हणतो, "पेव किती खोल ते राहू द्या. दोर धरायला माणसं किती, ते सांगा."

तात्पर्य एवढेच: वाईट दिवसांसाठी साठा जरूर करावा, पण तो बाहेर काढताना दोर धरतील अशी माणसे आधी जोडावीत.