उसना विश्वास

फार फार पूर्वी, घाटवाटांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं पहिलं घर दोन जावांचं. घाट उतरून आलेला वाटसरू आधी त्यांच्याच ओट्यावर टेकायचा. कुणी व्यापारी, कुणी बैरागी, कुणी नुसताच भटक्या. घाटात चोरांचा सुळसुळाट होता, त्यामुळे आलेला माणूस चोर की साव, हे काही कपाळ पाहून कळायचं नाही.

धाकटी जाऊ प्रत्येकाला गूळपाणी द्यायची, भाकरी वाढायची. थोरलीही द्यायची, नाही असं नाही. पण देताना तिची नजर पाहुण्याच्या हातांवर असायची, आणि त्याची पाठ वळली की ती भांडी मोजायची. भांडी नेहमी पुरी भरत. तरी पुढचा वाटसरू आला की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच.

निघताना वाटसरू आशीर्वाद द्यायचा तो धाकटीला. पाणवठ्यावरच्या बाया म्हणायच्या, "धाकटीच्या तोंडावर कसं समाधान आहे बघा!" ते ऐकलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं म्हणजे कौतुकाचं तिला तितकंसं नव्हतं. धाकटीला अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागायची आणि आपण कुशी बदलत पडतो, हे तिला सलायचं. एकाच चुलीवरचं खाऊन हिला एवढी शांती मिळाली कुठून?

एकदा तांदूळ निवडताना तिनं विचारलंच, "काय गं, तुला कुणाची भीती कशी वाटत नाही?"

"मी काही मुद्दाम करत नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून येत होते ना, तेव्हा घाटात तापानं पडले. सोबतचे लोक चोरांच्या भीतीनं पुढं निघून गेले. मग एक दांडगा माणूस आला. हातात कुऱ्हाड. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यानं मला पाठुंगळी घेतलं, घाट उतरला, आपल्या ओट्यावर मला ठेवलं आणि नावही न सांगता गेला. त्या दिवसापासून माणसाविषयी शंकाच येत नाही. आणू म्हटलं तरी येत नाही."

थोरलीच्या हातातलं सूप थांबलं. एवढंच? म्हणजे हिला सगळं आयतंच मिळालं! तो ताप मला आला असता, तर हे समाधान आज माझं असतं.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी ती घाट चढली आणि वाटेत आडवी झाली. डोळे मिटले आणि कण्हू लागली.

थोड्या वेळानं एक धनगर आला. त्यानं मेंढरं कुत्र्यांच्या भरवशावर सोडली, थोरलीला पाठीवर घेतलं आणि उन्हातान्हात घाट उतरून घरी पोचवलं. घामानं तो न्हाऊन निघाला होता. "जप माय," एवढंच म्हणाला आणि आल्या पावली परत फिरला.

थोरली ओट्यावर बसून वाट पाहू लागली. आता तो विश्वास येईल, आता ती शांती उतरेल. पण कसलं काय! धनगराच्या घोंगडीची खाज तेवढी अंगाला सुटली. तापच नव्हता, तर तारणारा कुठून भेटणार? उलट मनात आलं, 'याला आपल्याकडून काय हवं असेल?'

तेव्हा मात्र तिच्या मत्सराला विषारी काटे फुटले. मला मिळत नाही ना, मग हिचंही राहता कामा नये.

काही दिवसांनी मिठाच्या गोण्या लादलेला बैल घेऊन एक म्हातारा आला. धाकटीनं त्याला आपल्या माहेरच्या चांदीच्या तांब्यातून पाणी दिलं. म्हातारा जेवला, घटकाभर कलंडला आणि पुढं निघाला. त्याची पाठ वळताच थोरलीनं तो तांब्या धान्याच्या कणगीत खोल दडवला आणि अंगणात येऊन ओरडली, "तांब्या गेला! बघ तुझा विश्वास!"

गाव गोळा झालं. तरण्या पोरांनी म्हाताऱ्याला गाठलं आणि बैलासकट चावडीवर आणलं. गोण्या फोडल्या. मीठ मातीत सांडलं, तांब्या काही निघाला नाही.

"वाटेत कुठंतरी लपवला असणार," लोक म्हणाले.

"यांनी घेतला नाही," धाकटी पुढं येऊन म्हणाली.

"पुरावा?" पाटलानं विचारलं.

"पुरावा नाही. पण घेतला नाही."

लोक हसले. थोरलीनं धाकटीच्या तोंडाकडं पाहिलं. इतकी वर्षं जे पाहायची तिला हौस होती, ते आता दिसत होतं. धाकटीच्या तोंडावरचं समाधान पुसलं गेलं होतं. पण थोरलीला हवा तो आनंद काही होईना.

पाटील म्हणाला, "धाकटी तर कुणालाही साव म्हणेल. थोरलीला विचारा. ती कुणाला फुकट चांगलं म्हणत नाही, तशी फुकट वाईटही म्हणायची नाही. बोल बाई, हाच चोर ना? तू हो म्हण, की याचा बैल जप्त, वर पाठीवर कोरड्याचे फटके. आणि आजपासून कुठल्याच वाटसरूला गावात पाणी मिळायचं नाही."

म्हाताऱ्यानं हात जोडले नाहीत. तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.

थोरलीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. जिभेवर शब्द तयार होता. आणि तिच्याच कानांवर तिचा आवाज पडला, "तांब्या आमच्या कणगीत आहे. मीच ठेवला."



पाटलानं तिला सगळ्यांदेखत सांडलेलं मीठ वेचायला लावलं आणि मातीत गेलेल्या मिठाची भरपाई म्हणून तिच्या हातातली पाटली म्हाताऱ्याला देवविली. धाकटी तांब्या घेऊन घरी गेली. पुढं कितीतरी महिने ती थोरलीशी बोलली नाही. वाटसरूंना ती पाणी द्यायची, पण जावेकडं पाहायची नाही.

थोरली मात्र मीठ वेचता वेचता एकाच गोष्टीवर विचार करत होती. 'या गावात माझ्याइतकं काळं मन कुणाचं आहे? आणि माझ्यासारखीलासुद्धा शेवटच्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा बळी देववला नाही. मी अडवत असताना आतून कुणीतरी खरं बोललंच. मग ते आतलं कुणीतरी बाकीच्यांतही असणारच की!'

त्या रात्री कुशी न बदलता ती झोपली.

पुढं वर्षभरानं एका बैराग्यानं ओट्यावर बसून विचारलं, "अनोळखी माणसावर एवढा भरवसा कसा टाकता, बायांनो?"

"मला एक चांगला माणूस भेटला होता," धाकटी म्हणाली.

थोरली भाकरी थापत होती. मान वर न करताच म्हणाली, "मला एक वाईट बाई भेटली होती."

धाकटीनं तिच्याकडं पाहिलं, आणि थापलेल्या भाकरीसाठी हात पुढं केला. "आणा जाऊबाई, मी भाजते," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती जावेशी बोलली होती.

तात्पर्य : विश्वास ज्याचा त्याला ज्याच्या त्याच्या वाटेनंच गवसतो, दुसऱ्याच्या पावलांचा हेवा करून त्यावर पाय ठेवणाऱ्याला नुसती धूळ लागते.