तीन सेकंदांची सवलत

एका वृद्ध गुरूंकडे एकदा त्यांचा एक शिष्य खिन्न मुद्रेने आला. संगणकाच्या विद्येत तो निपुण होता, आणि ही गोष्ट लपून राहू नये याची काळजीही घेत असे.

"गुरुजी, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, लिहिणं सोडलं," तो म्हणाला. "गावच्या विहिरींचा इतिहास लिहीत होते. आता म्हणतात, माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही, डोकं गेलं माझं. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतोय."

"संगणक तोच आहे?"

"तोच. मी त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. जुनीही ठेवलीय, खास त्यांच्यासाठी. त्यांचा मराठी फाँट जुनीतच आहे. नवीत ते लेखन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतं. सुरू करताना दोन्हींची नावं येतात, त्यातली जुनी निवडायची. नाही निवडली, तर तीन सेकंदांनी नवी सुरू होते. सांगितलंय त्यांना, पण लक्षातच राहत नाही."

गुरू त्याच्या घरी गेले. अण्णा गॅलरीत पाठमोरे बसले होते. गुरूंनी चहा मागवला आणि काठोकाठ भरलेली कपबशी शिष्याच्याच हातात दिली.

"संगणकाचं बटण मी दाबतो. तू जुनी निवड. चहा सांडायचा नाही, कप खाली ठेवायचा नाही."

शिष्याने बशी एका हातात तोलून दुसरा मोकळा करेपर्यंत नवी सिस्टिम सुरू झाली. दुसऱ्या खेपेसही तेच. तिसऱ्या खेपेस चहा पायावर आला.

"असं कुणाला जमेल, गुरुजी?" तो चिडून म्हणाला.

"अण्णांचे हात थरथरतात. हा भरलेला कप त्यांच्या हातात दिवसभर असतो, आणि तो खाली ठेवता येत नाही. तू त्यांना निवड दिलीस, पण मुदत तुझ्या बोटांच्या वेगाची ठेवलीस. मंजूर झालेली पण हाती न लागणारी सवलत कचेऱ्यांत पुष्कळ असते. ती घरात कशाला? हरले ते तीन सेकंदांपुढे, आणि दोष देत बसले स्वतःच्या बुद्धीला."

शिष्याने कप खाली ठेवला. त्याने मुदतच काढून टाकली आणि वडिलांना हाक मारली.

पडद्यावर दोन नावे स्थिर उभी होती. अण्णांचे बोट चुकले, परत फिरले, थांबले. कोणी घाई केली नाही. मग लेखन उघडले, मराठीत.

"'कुंभारवाड्यातली विहीर गावातली सर्वांत जुनी,'" अण्णांनी मोठ्याने वाचले. बराच वेळ ते त्या ओळीकडे पाहत राहिले.

"चूक आहे," ते म्हणाले. "मठातली तिच्याहून जुनी."

आणि एकेक अक्षर शोधत ते दुरुस्ती करू लागले.