डाळिंबाचे दोन दाणे

फार जुन्या काळी, डोंगरांपलीकडच्या एका राज्यात एक चित्रकार राहत होता. जवसाच्या तेलात रंग खलून तो फुलं-फळं अशी काढायचा, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. हातात जादू, पण स्वभाव हट्टी. समोर मांडलेली वस्तू तसूभर हललेली त्याला खपत नसे. घरातली मांजरसुद्धा त्या मेजापासून चार हात लांबून जायची.

एकदा राजाने त्याला महालासाठी मोठं चित्र काढायला सांगितलं. चित्रकाराने फुलदाणीत गुलाब आणि शेवंती मांडली, शेजारी द्राक्षं आणि अंजीर ठेवले. तरी काहीतरी उणं वाटत होतं. मग त्याची नजर अंगणातल्या डाळिंबावर गेली.

ते झाड त्याच्या बायकोने लावलेलं. भांडी विसळलेलं पाणी घालून घालून तिने ते वाढवलं होतं, आणि त्या वर्षी त्याला पहिलंच फळ धरलं होतं. तेही एकच.

बायको तापाने अंथरुणाला खिळली होती. ती म्हणाली, "न्या हो तोडून. पण मला त्यातले दोन दाणे द्या. तोंडाला अगदी चव नाही."

"देतो की!" तो म्हणाला. पण फळ फोडून मेजावर ठेवलं, लाल दाणे उजेडात चमकले, आणि तो सगळं विसरला.

दुसऱ्या दिवशी तिने आठवण करून दिली, "अहो, ते दाणे..."

"अगं, जरा थांब. एक दाणा हलला तरी सगळा उजेड बिघडतो. एवढा थर वाळू दे, मग अख्खं डाळिंब तुझंच."

तेलातला रंग सावकाश वाळतो, आणि ताप काही रंगासाठी थांबत नाही. एका थरावर दुसरा थर चढत गेला. फुलं कोमेजली की तो नवी आणायचा. डाळिंब मात्र तेच होतं. बायको अंथरुणातून त्या डाळिंबाकडे बघत राहायची. पुढे तिने मागणंच सोडलं. त्याला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे बिचारी.

शेवटचा दाणा रंगवून झाला, तेव्हा तो हौसेने फळ घेऊन तिच्याकडे गेला. दाणे सुकून काळे पडले होते. त्यातल्या त्यात बरा दाणा निवडून त्याने तिच्या ओठांना लावला. ओठ गार होते.

पुढे चित्र महालात लागलं. शेवटचा हात फिरवायला चित्रकार रंग-कुंचला घेऊन आला होता. राजा खूश होऊन म्हणाला, "वा! वाटतं, हात पुढे करावा आणि दाणा तोंडात टाकावा!"

चित्रकाराने कुंचला उचलला, चित्रातले दोन दाणे पुसले, आणि तिथे दोन रिकामे खळगे रंगवले.

"अरे, हे काय केलंस? नासवलंस की सगळं!" राजा ओरडला.

"महाराज, ते माझ्या बायकोचे होते," तो म्हणाला. "तिने मागितले तेव्हा मी दिले नाहीत."

राजाने चित्र तसंच राहू दिलं.

चित्रकाराने पुन्हा कुंचला धरला नाही. अंगणातलं झाड दरवर्षी लगडायचं. फळं तोडली त्याच दिवशी तो ती गावातल्या आजाऱ्यांकडे पोचवायचा. स्वतः मात्र त्याने एकही दाणा कधी चाखला नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाचं लहानसं मागणंही वेळेवर पुरवावं; उशीर झाला, तर घ्यायला ते माणूसच उरत नाही.