झाकलेला पत्ता

न जेवण्याच्या आजारासाठी रुग्णालयात एकच खाट रिकामी होती. आहारतज्ज्ञ हेमांगी गवस ती सफाई कामगाराच्या मुलीसाठी मागत होत्या. बैठकीत त्यांच्या बाजूने कोणीही नव्हते.

"बाई, हे बंगल्यातले आजार! वस्तीत असते ती उपासमार," अधीक्षक इनामदार हसले.

हेमांगीताईंनी नाव-पत्त्यावर कागद चिकटवलेले दोन मुलींचे केसपेपर पुढे ठेवले. "मग यांतली बंगल्यातली कोणती, साहेब?"

"ही! ताट समोर असून जेवत नाही, चोरून उलट्या करते. आजच दाखल करा," म्हणत अधीक्षकांनी सही ठोकली.

हेमांगीताईंनी त्याच केसपेपरवरचा कागद सोलून काढला. पत्ता सफाई कामगारांच्या वस्तीचा होता.

"साहेब, आजार पत्ता विचारून येत नाही. पत्ता आपण विचारतो."

मुलीला खाट मिळाली. हेमांगीताई मात्र रोजच्यासारख्या त्या दुपारीही एकट्याच डबा जेवल्या; बैठकीतले कोणीही त्यांच्या शेजारी बसले नाही.